चर्चेची हजेरी मांडू नका

माननीय प्राचार्य सर आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातील सर्व सहकारी,

तुमचं परिपत्रक आलं ते चतुर्थीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनला, स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. निम्मा स्टाफ बस पकडायच्या घाईत होता. मी बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेत होते. एका हातात आंबाड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. मजकूर चार ओळींचा. प्रत्येक पेपरसाठी दर आठवड्याला एक ऑनलाइन चर्चा. प्रत्येक विद्यार्थ्याच्या किमान दोन कमेंट, इंग्रजीतून. कमेंटच्या संख्येप्रमाणे अंतर्गत मूल्यमापनात दहा गुण. आणि महिनाअखेर सगळ्या चर्चांचे स्क्रीनशॉट कक्षाकडे जमा. खाली ठळक अक्षरांत 'फॉर स्ट्रिक्ट कम्प्लायन्स'.

सुट्टी संपल्यावर मी विभागामार्फत लेखी हरकत दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा दिली. पहिलीला उत्तर नाही, दुसरीची पोचही नाही. स्टाफरूममध्ये मात्र तिघांनी चहासकट सल्ला दिला, 'मॅडम, कशाला? स्क्रीनशॉट काढायचे, द्यायचे, मोकळं व्हायचं.' त्यांचंही चुकत नाही, घरी सगळ्यांनाच जायचं असतं. पण गोव्यातल्याच शेजारच्या तालुक्यांत शिकवणाऱ्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा कळलं की असेच कागद थोड्याफार फरकाने त्यांच्याकडेही फिरताहेत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम घालत नाही.

आधी एक गैरसमज काढते. मी ऑनलाइन चर्चेच्या विरोधात नाही. आपल्याकडे ती पहिल्यांदा ज्यांनी चालवून पाहिली त्यांत मी होते. एकोणीस वर्षं राज्यशास्त्र शिकवते आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा द्वितीय वर्षाच्या वर्गात चोर्ला घाटाखालच्या एका गावातली मुलगी होती. शेवटून दुसरा बाक, भिंतीकडची जागा. दीड वर्षात तिचा आवाज मी हजेरीच्या 'येस मॅडम'पलीकडे ऐकला नव्हता. घरी रेंज नाही म्हणून ती संध्याकाळी काजूच्या बागेतून टेकडीवर चढायची, सगळे मेसेज उतरवून घ्यायची, रात्री घरी बसून उत्तर लिहायची आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा वर जाऊन पाठवायची. ग्रामसभेवरच्या चर्चेत तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तिने लिहिलं होतं की आमच्या ग्रामसभेत बायका दाराजवळ बसतात, कारण मध्येच उठून चुलीकडे जावं लागतं. मोठे विषय त्या गेल्यावर निघतात. ७३वी घटनादुरुस्ती मी तेव्हा कितीतरी वर्षं शिकवत होते. महिला आरक्षणाची कलमं तोंडपाठ होती. त्या दाराजवळच्या जागेचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

वर्गात ती हे बोललीच नसती. तिथे ज्याचा हात आधी वर जातो त्याचं उत्तर होतं. तिला हवे होते दोन दिवस आणि समोर कोणी टक लावून बघत नाही अशी जागा. ती तिला मिळाली, आणि म्हणून या विषयात मी गप्प बसू शकत नाही.

आता तुमच्या परिपत्रकाबरहुकूम घेतलेल्या पहिल्या चर्चेची हकिगत ऐका.

वर्गात चौसष्ट मुलं. विषय नमुन्यात दिला होता तसाच, 'स्थानिक स्वराज्य संस्थांचं महत्त्व'. मुदत रविवार, रात्री अकरा एकोणसाठ. शनिवारी संध्याकाळपर्यंत तीन कमेंट आल्या. रविवारी रात्री दहाला आकडा नऊवर होता. सव्वादहापासून मोबाइल थरथरायला लागला तो थांबेचना. बारा वाजता एकशे एकवीस. मी सगळ्या वाचल्या. 'नाइस पॉइंट' किंवा त्याचा कुणीतरी चुलतभाऊ एकेचाळीस वेळा होता. 'आय अ‍ॅग्री विथ यू'खाली 'आय अ‍ॅग्री टू'. एकाने घाईत स्वतःच्याच कमेंटला 'वेल सेड, ब्रो' अशी शाबासकी दिली होती. सहा उत्तरांचं पहिलं वाक्य शब्दन्‌शब्द एकच होतं. त्यातल्या एका पोराला मी दोन वर्षं ओळखते, तो शुद्धीवर असताना 'मल्टिफेसेटेड' म्हणणार नाही. चॅटजीपीटीने लिहून दिलेलं ते. या सगळ्यांना मी दहापैकी दहा दिले. तुमच्या नियमात ते बसत होतं.

त्याच ढिगात एक कमेंट मराठीत होती. पंचायतीच्या ठरावात कचऱ्याची रिक्षा रोज यायची आहे, प्रत्यक्षात ती आठवड्यातून एकदा येते, तर पंचायतच स्वतःचा ठराव पाळत नसेल तेव्हा दाद मागायची कुणाकडे? एकशे एकवीसमधला हा एकच खरा प्रश्न. त्याखाली कोणी काही लिहिलं नाही. मीही नाही, कारण बारा वाजून गेले होते आणि सकाळी साडेआठचा तास होता. मुलीची कमेंट एकच, म्हणून गुण पाच. इंग्रजीचा नियमही लावला असता तर शून्य.

माझ्या हरकती इथून सुरू होतात.

पहिली हरकत संख्येला आहे. जे मोजाल ते मुलं देतील. कमेंटी मोजल्या तर कमेंटी मिळतील. चर्चा व्हायची तर एकाने दुसऱ्याचं वाचलेलं असावं लागतं, आणि तुमच्या चार ओळींत वाचण्याला एक गुणसुद्धा नाही. 'तुझं म्हणणं पटलं, पण आमच्या गावात असं होत नाही, कारण...' असं एक वाक्य लिहायला दहा कमेंटी वाचाव्या लागतात. 'नाइस पॉइंट'ला एकही लागत नाही. दोघांचं माप मात्र सारखंच. शिवाय हल्ली दोनशे शब्दांची गुळगुळीत कमेंट मोबाइलवर दहा सेकंदांत तयार मिळते. संख्येवर गुण ठेवून आपण त्या यंत्राच्याच हाती गुणपत्रिका दिली आहे.

दुसरी हरकत प्रश्नाला आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. 'महत्त्व सांगा', 'फायदे-तोटे लिहा', 'चर्चा करा' हे परीक्षेचे प्रश्न. त्यांचं उत्तर गाइडमध्ये असतं आणि पहिल्या तिघांनी ते उतरवलं की उरलेल्या एकसष्ट जणांना सांगायला काही उरत नाही. म्हणून ते 'आय अ‍ॅग्री' लिहितात. दुसरं करणार काय? चर्चेचा प्रश्न असा हवा की प्रत्येकाकडे त्याचा एक वेगळा तुकडा असेल.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी तृतीय वर्षाला १९६७ च्या सार्वमताचा विषय दिला, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा याचा. तुम्ही कोणत्या बाजूला, असं विचारलं नाही. विचारलं ते असं: १६ जानेवारी १९६७ ला ज्यांनी मतदान केलं अशा घरातल्या किंवा वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसाशी बोला. तेव्हा मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळायचा, म्हणजे माणूस बऱ्यापैकी म्हातारं शोधायला हवं. फूल (विलीनीकरण) की दोन पानं (वेगळा गोवा) हे ठरवताना त्यांच्या मनात काय होतं ते लिहून काढा. मग दुसऱ्या तालुक्यातली गोष्ट लिहिणाऱ्या एका सोबत्याचं उत्तर वाचा आणि तुमच्या घरच्या गोष्टीशी न जुळणारी एक बाब त्यातून शोधून काढा.

तीन दिवस सुंदर गेले. कुणाची आजी कडेवर पोर घेऊन मतदानाला गेली होती. कुणाच्या आजोबांना नुसतं चिन्ह आठवत होतं, तारीख नाही. चौथ्या संध्याकाळी एका मुलाने दुसऱ्याला एक ओळ लिहिली, 'तुमचे लोक गोवा विकायला निघाले होते.' पाच मिनिटांत उलट टपाली, 'आणि तुमचे कोण? पाखले?' (पाखलो म्हणजे गोरा, पोर्तुगीज.) पुढच्या अर्ध्या तासात बावीस कमेंट. सर, तुमच्या मापाने ती या महाविद्यालयाच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी चर्चा होती.

मी घाबरले आणि चर्चा कुलूपबंद केली. चूक माझी. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन बाक रिकामे होते आणि बाकीचे माझ्याकडे बघायचं टाळत होते. भांडण मिटलं नव्हतं, नुसतं माझ्या नजरेआड गेलं होतं. कुठल्यातरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते जोरात चालू असणार. तीन दिवसांनी मी तीच चर्चा पुन्हा उघडली आणि एकच अट घातली. आपल्याकडे शास्त्रार्थात जुनी रीत आहे, आधी पूर्वपक्ष मांडायचा. समोरच्याचं म्हणणं तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा. त्याने 'होय, मला हेच म्हणायचं होतं' असं मान्य केलं की मगच स्वतःचं मांडा.

दोघांना सहा दिवस लागले. कमेंटी झाल्या अवघ्या चौदा. दोन पानांवाल्या मुलाचे आईकडचे आजोबा सासष्टीतले, माडावर चढून माडी काढणारे रेंदेर. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, ती इथे आली तर पोराबाळांना खायला काय घालणार, एवढाच त्यांचा हिशेब. फुलावाल्याची आजी कुळाच्या घरातली. तिचं मत होतं विलीनीकरणाचे नेते भाऊसाहेब बांदोडकर सांगतील तिथे, कारण भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत राबणाऱ्याची बाजू घेणारा तिला पहिल्यांदा कोणी दिसला होता. पाखले आणि विक्री ही भाषा परत आली नाही. शेवटी फुलावाल्या मुलाने लिहिलं की दोन पानांना १,७२,१९१ विरुद्ध फुलाला १,३८,१७०, म्हणजे ३४,०२१ मतांचा फरक, हे आपण पाठ केलं, पण त्यातलं एक मत माडावरून खाली उतरलेलं आहे हे माहीत नव्हतं. पाच-सहा ओळींची कमेंट होती ती. माझ्या नोकरीतल्या चांगल्या दिवसांत मी तो दिवस धरते.

आणि तुमच्या तक्त्यात या चौदा कमेंटी 'असमाधानकारक सहभाग' या रकान्यात जातात.

चर्चा चालवणं म्हणजे काय ते मी या प्रकरणात शिकले, आणि उशिरा शिकले. २००० साली कॅनडातल्या रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर या तिघांनी ऑनलाइन शिक्षणाचा एक आराखडा मांडला. माणूस म्हणून एकमेकांची ओळख, विचाराची खोली आणि शिक्षकाचं तिथे असणं, या तीन गोष्टी जमल्या तर शिकणं होतं, असं त्यांचं म्हणणं. शिक्षकाचं असणं म्हणजे प्रत्येक कमेंटखाली 'गुड' लिहिणं नव्हे. मी ते वर्षभर केलं. परिणाम असा की मुलं एकमेकांशी बोलायची सोडून माझ्याशीच बोलायला लागली. हल्ली मी मधल्या दिवशी एकदाच लिहिते. अमुकने हे म्हटलं, तमुकच्या गावात उलटं आहे, दोन्ही खरं कसं? एवढंच. आणि शेवटी पाच-सात ओळींत काय हाती लागलं, काय राहिलं ते. सुमार ग्रामसभेतही इतिवृत्त लिहिलं जातं. आमच्या चर्चा मात्र अकरा एकोणसाठला मरतात.

तिसरी हरकत मुदतीला. रविवारी मध्यरात्री सगळे एकदम लिहितात तेव्हा कोणी कुणाला उत्तर देत नाही, रांग लावून पेटीत चिठ्ठ्या टाकतात. दोन मुदती लागतात. पहिलं उत्तर बुधवारी, प्रतिसाद शनिवारी. आणि त्या मुदती पावसाळ्यात लवचीक हव्यात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या वाड्यावर चार दिवस वीज नव्हती. एरवीही आषाढात एक झाड पडलं की संध्याकाळ गेली. शहरात बसून मुदत ठरवणाऱ्याला हे सुचत नाही. उलट लिखित चर्चा किती स्वस्त पडते बघा. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, म्हणजे दोनशे शब्दांचं उत्तर चार-पाच केबीत मावतं. व्हिडिओचा एक तास शेकडो एमबी खातो. दिवसाच्या डेटा पॅकवर जगणाऱ्या मुलाला हा फरक माझ्यापेक्षा जास्त कळतो. आणि तरी कक्षाचा नवा प्रस्ताव असा की निम्म्या चर्चा 'लाइव्ह, कॅमेरा ऑन' घ्याव्यात.

लाइव्हबद्दल थोडं. चौसष्ट काळे चौकोन, आणि मी विचारते, 'कळलं का?' शांतता. मग मीच उत्तर देते आणि पुढे जाते. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात ते मोजलं. जेमतेम एक सेकंद. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. ऑनलाइन तर म्यूट काढायलाच तेवढा वेळ जातो. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत दहा मोजायला शिकले. पहिल्यांदा आठव्या सेकंदाला कुणीतरी म्यूट काढला, पत्र्यावर कोसळणारा पाऊस ऐकू आला आणि त्यातून एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, बोलू?' त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. दादाचा जुना मोबाइल होता आणि मागे गोठा. कॅमेऱ्याची सक्ती असती तर तो आलाच नसता. लाइव्ह घ्यायचंच असेल तर पाच-सहा जणांचे गट पाडावेत, प्रत्येक गटाला दहा मिनिटं आणि एकच प्रश्न द्यावा, गटाने काय ठरवलं ते एकाने येऊन सांगावं. चौसष्ट जणांची लाइव्ह चर्चा ही वस्तुस्थितीत एका बाईचं भाषण असते.

चौथी हरकत भाषेला. आमची बरीचशी मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात, पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात आणि बारावीपर्यंत तिन्ही भाषांत अर्धी-अर्धी वावरतात. परीक्षा इंग्रजीत आहे, मान्य. पण विचार करताना अडखळण्याची मुभा ज्या ठिकाणी द्यायची तिथेच पहिला अडथळा घालायचा? कचऱ्याच्या रिक्षेचा प्रश्न त्या मुलीला मराठीत पडला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. सचिवालयात अर्ज चालतो त्या भाषेत वर्गातली कमेंट का चालू नये? कोणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, लिहिलं तर तेही चालावं. वाचायला शिक्षकाला थोडा त्रास होईल, होऊ दे.

पाचवी हरकत स्क्रीनशॉटला, आणि ती सर्वांत गंभीर आहे. गेल्या वर्षी मांडवीतल्या कॅसिनोंवर चर्चा झाली. एका मुलीने लिहिलं की आमचं घर कॅसिनोतल्या वडिलांच्या पगारावर चालतं आणि तरी मला ते नदीत नको आहेत. हे लिहायला धैर्य लागतं. चार दिवसांनी त्या पानाचा फोटो, तिच्या नावासकट, महाविद्यालयाच्या फेसबुक पेजवर 'व्हायब्रंट स्टुडंट एंगेजमेंट' म्हणून झळकला. तिच्या वडिलांचा मला फोन आला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, 'बाई, तुमच्यावर विश्वास ठेवून लिहिलं होतं तिने.' पोस्ट काढली गेली, पण त्या मुलीने वर्ष संपेपर्यंत पुन्हा काही लिहिलं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचा पाया संमती हा आहे. कायदा नसता तरी हे करायचं नव्हतं. दरमहा सगळ्या चर्चा नावांसकट फाइलला लागणार हे मुलांना एकदा कळलं की 'नाइस पॉइंट'खेरीज कोण काय लिहील?

सहावी हरकत हिशेबाची. चौसष्ट मुलं, प्रत्येकी दोन कमेंट, एकशे अठ्ठावीस. प्रत्येकीला दोन मिनिटं धरली तर चार तास सोळा मिनिटं, एका पेपरची, एका आठवड्याची. माझ्याकडे चार पेपर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे आठवड्याला सोळा तास शिकवण्याचे. चर्चा वाचण्याचा वेळ आपल्या वेळापत्रकात कुठेही नाही. लेक्चर बेसिसवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना तर तासामागे पैसे मिळतात, रविवार रात्रीचे कोण देणार? त्यांनी न वाचता दहा-दहा गुण दिले तर मी त्यांना दोष देणार नाही.

मला माहीत आहे, तुमच्यावरही वरून दडपण आहे. २०२३-२४ पासून नवा अभ्यासक्रम आला, मूल्यमापनाचे रकाने वाढले. आयोगाच्या २०२१ च्या मसुद्यात विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली गेली. ध्वनिचित्रित व्याख्यानं मुबलक आहेत. आपल्याच उच्च शिक्षण संचालनालयाने 'दिश्टावो' या उपक्रमातून ती २०२० पासून करून घेतली. केंद्राच्या 'स्वयम्' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या चार भागांत व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि चाचणीच्या जोडीला चर्चा हा एक स्वतंत्र भाग ठेवलेला आहे. बाकीचे तीन विकत किंवा फुकट मिळतात. चौथा शिक्षकाला बसून करावा लागतो, आणि नेमका तोच आपण तक्त्यावर सोपवला.

मागण्या अशा आहेत.

एक, कमेंटच्या संख्येवरचे गुण ताबडतोब रद्द करा. गुण ठेवायचेच असतील तर सत्रभरातली स्वतःची सर्वांत चांगली दोन उत्तरं विद्यार्थ्याने निवडून द्यावीत. त्यात दुसऱ्याच्या म्हणण्याला हात घातलेला असला पाहिजे. त्यावरच गुण.

दोन, दर आठवड्याची सक्ती काढा. सत्रात चार चर्चा पुरेत.

तीन, प्रश्न ज्याचा तो शिक्षक ठरवील. नमुना प्रश्न मागे घ्या. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत अशी सोय आहे की स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची दिसत नाहीत. ती वापरायचं प्रशिक्षण द्या, अर्ध्या दिवसाचं, पाहुणे आणि शाल-श्रीफळ वगळून.

चार, मराठी, कोकणी, इंग्रजी, ज्याला जे जमेल त्यात लिहिण्याची मोकळीक. कॅमेऱ्याची सक्ती नाही. वीज किंवा रेंज गेली असं विद्यार्थ्याने सांगितलं तर दोन दिवस वाढवून द्यायचे, पंचायतीचा दाखला न मागता.

पाच, स्क्रीनशॉट बंद. कक्षाला पुरावा हवा तर शिक्षकाने लिहिलेला एक पानाचा गोषवारा घ्या, त्यात कुणाचं नाव नको. आजवर जमा केलेले स्क्रीनशॉट काढून टाका आणि टाकल्याचं लेखी कळवा.

सहा, पन्नासच्या वर मुलं असतील तिथे चर्चा वाचण्यासाठी आठवड्याचा एक तास वेळापत्रकात धरा, लेक्चर बेसिसवरच्या सहकाऱ्यांना त्याचे पैसे द्या.

यावर बोलायला पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागण्याआधी एक बैठक बोलवा. विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी तिथे असावेत, आणि शक्य तर त्यांतला एक वर्गात न बोलणारा असावा.

आणखी एक लहान काम आहे. कचऱ्याच्या रिक्षेबद्दल विचारणाऱ्या मुलीला मी काल अखेर उत्तर लिहिलं. आधी ग्रामसभेत विषय लेखी दे, नाही जमलं तर गटविकास अधिकाऱ्याकडे अर्ज कर, असं. त्याखाली रात्रीत तिघांनी आपापल्या पंचायतीची कहाणी लिहिली आहे. मुदत कधीच संपली, गुण कुणालाच मिळणार नाहीत. तिचे पाचाचे दहा करायला गेले तर पोर्टलवर यादी बंद दिसते. ती तेवढी उघडून द्यावी.

आपली सहकारी,
राज्यशास्त्र विभाग